चौथं सॉकेट

३ जानेवारी

घर मनासारखं मिळालं. तळमजला, पायऱ्या नाहीत, दारं रुंद. अर्धांगाच्या झटक्यानंतर ही काठी टेकत चालते, पण आज काठी विसरून तिन्ही खोल्यांत हिंडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर हक्क सांगून बसली. डावा हात मात्र तसाच. मांडीवर ठेवला की तिथेच. ही त्याला ‘पाहुणे’ म्हणते. पाहुणे गरीब आहेत, काही मागत नाहीत, असं म्हणते आणि स्वतःच हसते.

मागची खोली माझी. तिथे गेमचं कपाट उभं केलं. पूर्वी व्हिडिओ गेमच्या दुकानांत असायचं तसलंच: वर पडदा, खाली दोन खेळाडूंसाठी जॉयस्टिक आणि बटणं. मेव्हण्याने भंगारातून उचलून आणलेलं. लहानपणी ताई असल्याच कपाटावर मला हरवून रडवायची, हे तो अजून सांगतो, आणि ही अजून नाकारत नाही. माझा बेत सरळ आहे. हिचं जुनं आवडतं गेमचं मशीन, मुलाने घर सोडताना मागे टाकलेलं मशीन आणि माझा कॉम्प्युटर, तिन्ही या एका कपाटावर चालली पाहिजेत. जॉयस्टिक डाव्या हाताने. व्यायाम घेणाऱ्या बाई हिला स्पंजचा चेंडू दाबायला लावतात. चेंडूशी खेळून कोणाला जिंकायचंय?

७ जानेवारी

वायरिंग पूर्ण. हे मी कुठल्या वर्गात शिकलो नाही, म्हणूनच नीट शिकलो. प्रत्येक बटणाखाली एक चिमुकला स्विच, त्याला दोन पाय. एका पायाची रंगीत वायर ज्याची त्याची वेगळी. दुसऱ्या पायाची सगळ्यांना मिळून एकच, काळी. बटण दाबलं की रंगीत आणि काळी जुळतात आणि मशीनला कळतं. रंगीत वायरी एका जाड प्लगमध्ये आणल्या, प्रत्येक मशीनला तशाच मापाचं सॉकेट दिलं. मशीन बदलायचं तर प्लग बदलायचा. काळी मात्र सगळ्या सॉकेटांना कायमची जोडून टाकली.

मेव्हणा फोनवर म्हणाला की भावोजी, काळ्या वेगळ्या ठेवा, एकाचं दुखणं दुसऱ्याला लागेल. मी म्हटलं, तू भंगार आणत जा. त्यावर म्हणाला की तुमच्या हाती सोल्डरिंग गन दिली तर उद्या कुकरची शिट्टीसुद्धा दुसऱ्या खेळाडूचं बटण होईल.

कपाट भिंतीला आवळताना गिलाव्याचा पोपडा पडला. आत सॉकेट! मी वापरतो तसंच, तितक्याच भोकांचं. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, असलं काही नव्हतं, भिंत आत्ताच लिंपून घेतली आहे. असो. आधीचा भाडेकरू आपल्याच पंथाचा दिसतो. उघडं, बिनजोडलेलं सॉकेट मला बघवत नाही. त्यालाही काळी जोडली. हे चौथं.

८ जानेवारी

हिचा डावा हात उचलून जॉयस्टिकवर ठेवला, बोटं एकेक करून मिटवली. आधी गंमत म्हणून प्लग भिंतीतल्या चौथ्या सॉकेटात घातला. पडद्यावर काही नाही, असणार कुठून? प्लग काढायला वाकलो तर ही म्हणाली, थांबा.

करंगळी हलली होती.

झटक्यानंतर पहिल्यांदा. आम्ही दोघंही बराच वेळ त्या करंगळीकडे बघत बसलो, नव्या बाळाकडे बघावं तसं.

१५ जानेवारी

हिने आज दोन्ही हातांनी वेणी घातली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठला डॉक्टर गाठलात? हिने माझ्याकडे बोट दाखवलं, डाव्या हाताचं. मी दिवसभर फुगलेलाच.

आग्रह करून मलाही खेळायला बसवलं. मी बनवतो, खेळत नाही. पण पहिल्या खेळाडूची जागा रिकामी बरी दिसत नाही म्हणाली. सपशेल हरलो. तिचा डावा हात इतका चपळ होता, की हरण्याचंही कौतुक वाटलं.

१९ जानेवारी

दुपारी वायरी तपासत होतो. मल्टीमीटरच्या दोन सुया जोडलेल्या वायरींना लागल्या की तो वाजतो. कपाटाचा प्लग काढून ठेवलेला. सुया चौथ्या सॉकेटात घातल्या, तर मीटर वाजला. थांबला. पुन्हा वाजला. पलीकडून कुणीतरी बटण दाबावं तसा.

स्क्रू काढून सॉकेट भिंतीतून बाहेर ओढलं. मागे वीतभर वायरी, टोकं मोकळी. त्यांच्यामागे नुसती वीट. मोकळी टोकं डोळ्यांसमोर धरली, तरी मीटर वाजतच होता.

स्वयंपाकघरात ही भांडी लावत होती. मीटर वाजे, की फळीवर पेला ठेवल्याचा आवाज येई. वाजला, पेला. वाजला, पेला. दारात जाऊन पाहिलं. डावा हात पेले लावत होता. ही खिडकीबाहेर बघत होती.

२२ जानेवारी

हिला विचारलं. म्हणाली, आधी हात उठतो, मग मला वाटतं की आपल्याला तो उठवायचाच होता. पहिल्या करंगळीपासून असंच. सांगितलं नाही, कारण तुम्ही इतके खुश होता.

कपाटाचा प्लग तर काढलेलाच होता. उरली काळी. ती चौथ्या सॉकेटापासून सोडवली, त्याच क्षणी बाहेर कपबशी फुटली. जाऊन पाहतो तर हात खांद्यापासून लोंबतोय. ही रडली नाही. बशीच्या तुकड्यांकडे बघत म्हणाली, अहो, लावा परत.

लावली. तो चेहरा बघवेना.

२५ जानेवारी

जेवताना हिच्या डाव्या हाताने माझं उजवं मनगट धरलं. घट्ट. ही घाबरून स्वतःचीच बोटं दुसऱ्या हाताने उकलत होती — सॉरी म्हणत होती, मला की हाताला, कळेना.

सुटल्यावर माझा उजवा हात टेबलावर गेला. मी नेला नाही. डावीकडे, डावीकडे, दाब. डावीकडे, डावीकडे, दाब.

मीही खेळलो होतो. दोघांच्या बटणांना काळी एकच आहे. मीच जोडली.

२६ जानेवारी

ही म्हणाली, तोडा. लुळा होता तेव्हा निदान माझा होता.

पक्कड घेतली. काळीवर ठेवली. बोटं मिटेनात — आदेश जातो, पोचत नाही. डाव्या हाताने पक्कड घ्यायला गेलो तर उजव्याने डाव्याला धरलं. हिने तिच्या उजव्याने प्रयत्न केला, तर तिचा डावा —

पक्कड कुठे गेली माहीत नाही. दोघंही जमिनीवर बसून आहोत. आमचे दोन हात मात्र कपाटाजवळ काहीतरी —

२७ जानेवारी

सर्व उत्तम आहे. हिचा हात उत्तम, माझा हात उत्तम. मेव्हण्याला खेळायला बोलावलं आहे, तो लगेच निघतो म्हणाला. त्याच्यासाठी तिसरी जॉयस्टिक बसवली आणि काळी वायर तिथपर्यंत वाढवली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनाही आग्रह करावा. घरमालकांनाही. काळी पुष्कळ शिल्लक आहे.

वरचं अक्षर माझं. मजकूर माझा नाही — हे डाव्याने लिहितोय, उजवा दाराची कडी काढायला ताणतोय — फोन हिच्या डाव्याकडे — ही दात ओठ खाऊन कडी धरून आहे, तिच्या स्वतःच्या हाताने — बेल वाजली — मेव्हण्या, ऐक, आत आलास तरी जॉयस्टिकला हात ला