काहीच त्रास नाही

४ नोव्हेंबर

केस कापले. खालच्या पार्लरमधल्या मुलीने दोनदा विचारलं, "आंटी, नक्की ना?" शेपटा वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. ह्यांना तो फार आवडायचा. लग्नानंतर कल्याणला खाडीवर फिरायला जायचो तेव्हा म्हणायचे, तू पुढे चाल, मला मागून बघू दे.

वेणी घालता येत नाही हे खरं कारण कुणाला सांगितलं नाही. सुनेला, अदितीला म्हटलं, उकडतं गं. नोव्हेंबरात! ती म्हणाली, "छान दिसताय, आई," आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

शेपटा कपाटात, शालूखाली.

११ नोव्हेंबर

ठाण्याला, हॉस्पिटलात. नव्या औषधाच्या अभ्यासात माझं नाव घातलं. स्क्लेरोडर्मावर जे जे मिळतं ते सगळं घेऊन झालं. कातडी आवळतेच आहे, आणि आता फुफ्फुसंही आवळू लागतील अशी डॉक्टरांना भीती. वर्षभर, महिन्यातून एकदा सलाईन. बाटलीत औषध असेल किंवा नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.

डॉक्टरांनी अंगावर सतरा ठिकाणी चिमटे काढले. कातडी चिमटीत येते का बघतात. शून्य म्हणजे मऊ, तीन म्हणजे दगड. माझी बोटं तीन.

मग प्रतीक्षाने फॉर्म पुढे केला. ही मुलगी दिव्याहून येते, सगळ्या पेशंटांचे कागद तिच्याकडे. केस विंचरता येतात का? कापलेत, येतात. बरणीचं झाकण उघडता येतं का? उघडून मिळतं. कपडे घालता येतात का? गाउनला काय लागतं! अदिती शेजारी बसली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तिच्यादेखत काय लिहायचं? दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाही, असं? म्हणजे ती मदत करते हे जाहीर करायचं, की पुरेशी करत नाही हे?

सगळीकडे पहिला रकाना. काहीच त्रास नाही.

"काकू, खरं लिहा हां," प्रतीक्षा म्हणाली.

"खरंच आहे."

शाळेत सिस्टर बर्था रोज सकाळी विचारायच्या, हाउ आर यू, गर्ल्स? गुडघा फुटलेला असो, घरात कुणी गेलेलं असो, सगळा वर्ग एका सुरात. फाइन, थँक यू, सिस्टर.

१३ नोव्हेंबर

बोटं दिवसातून किती वेळा पांढरी पडतात ते लिहायला पिवळं कार्ड मिळालंय. अदितीने ते फ्रिजवर लावलं. "म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर राहील, आई." माझ्या, आणि जगाच्या. भांडीवाल्या लताने आल्या आल्या विचारलं, "आजी, हे कसलं?" आज सहा वेळा झालं. कार्डावर दोन.

खरं काय ते या वहीत लिहीन. पां. म्हणजे बोटं पांढरी. उ. म्हणजे अदितीचा उसासा. बाटली, नळ, हुक, काहीही सांगितलं की येतो. तोंडाने नाही म्हणत नाही कधी. उठते, करते, आणि श्वास सोडते. मुलगा निखिल बोटीवर, सहा-सहा महिने. घरात आम्ही दोघीच सासू-सून, त्यामुळे ऐकू येतो.

आज पां. ६, उ. ४.

२ डिसेंबर

पां. ७, उ. ३. कार्डावर २.

चहाचा कप निसटला. निळ्या फुलांच्या सेटमधला, ह्यांनी आणलेला. आता चारच राहिले.

१५ जानेवारी

पां. ९. सकाळी दुधाची थंड पिशवी धरली आणि दहाही बोटं मेली. आधी चुन्यासारखी, मग जांभळी. ओरडले असेन, कारण अदिती अंगावर पाणी तसंच घेऊन बाथरूममधून धावत आली. कोमट पाण्याचं पातेलं आणलं, माझे हात त्यात धरून जमिनीवर बसली. पाणी निवलं की पुन्हा गरम. कुणाचा तरी फोन आला, त्याला म्हणाली, "नाही जमणार आज, घरी प्रॉब्लेम आहे."

प्रॉब्लेम.

उ. २. कार्डावर ३.

२० फेब्रुवारी

चौथं सलाईन. शेजारच्या खुर्चीत चांगुणाबाई, बाळकुमच्या. हाच आजार, हाच अभ्यास. मी फॉर्ममध्ये काय लिहिलं ते ऐकून बाई खुर्चीत डोलेपर्यंत हसल्या.

"त्रास नाय? मंग येवऱ्या लांब कशाला येतंस गो? सलाईन प्यावाला?"

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"मी बोल्ले, बघ माजी बोटा, म्हावऱ्यातली सुकी वाकटी झाल्यान. लुगरा नेसवाला सून लागते, भात कालवाला नातीन लागते. लिव सगला!"

त्यांची सून शेजारीच उभी होती, वेफर्स खात. हसत म्हणाली, "लई बोलतं आमची आय." बस्स. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाचं तोंड उतरलं नाही.

मी म्हटलं, बाटलीत नुसतं मिठाचं पाणी असेल तर?

"मिठागरात जल्म जेला माजा. मिठाचा पानी मना वलखता येतं. यो दवा हाय."

घरी येताना गाडीत मला चांगुणाबाईंचा राग आला. का, ते माहीत आहे.

पां. ४, उ. ३.

२८ मे

लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं. मी. कापड न लावता, भिंतीला न टेकवता.

घरात कुणी नव्हतं सांगायला. बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. फोड खाल्लीच नाही शेवटी.

पां. १. कार्डावरही १. दोन्हीकडे एकच आकडा, पहिल्यांदाच.

उ. नाही. काही मागितलंच नाही.

६ जुलै

शाळेत प्रार्थनेला तळव्यांत फट दिसली की सिस्टर बर्था मागून यायच्या आणि त्या फटीत लाकडी पट्टी सरकवायच्या. माझ्या हातांत कधी गेली नाही. फार मिरवायचे मी त्यावरून. गेली तीन वर्षं देवापुढे हात जोडते तेव्हा मधून मांजर जाईल एवढी जागा. आज पाहिलं. कंगवा जेमतेम जाईल.

फुंकरीच्या तपासणीतही फुफ्फुस जिथल्या तिथे. डॉक्टर पेन खाली ठेवून हसले.

अदितीने संध्याकाळी नेहमीसारखं पाण्याच्या बाटलीचं बूच सैल करून ठेवलं. मी तिच्यासमोर ते घट्ट लावलं आणि पुन्हा उघडलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "अरे वा." उ. नव्हता तो. काय होता, त्याला माझ्याकडे अक्षर नाही.

१० नोव्हेंबर

वर्ष संपलं. ज्यांना फायदा दिसला त्यांना कंपनी अजून एक वर्ष औषध देणार, उघडउघड, मिठाच्या पाण्याचा प्रश्नच नाही. मला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "त्वचेचे आकडे थोडे उतरलेत, मॅडम. पण तेवढ्याने भागत नाही, पेशंटच्या स्वतःच्या उत्तरांतही सुधारणा दिसावी लागते. तुम्ही पहिल्याच दिवशी शून्य लिहिलंत. शून्याच्या खाली मी काय दाखवू? आणि कार्डावर वर्षभर दोन, दोन, तीन, एक."

आजही मी पहिल्याच रकान्यात खुणा केल्या होत्या. आज त्या खऱ्या होत्या.

"थँक यू, डॉक्टर," म्हटलं मी. त्याच सुरात. सिस्टर बर्थांनी पाठ थोपटली असती.

चांगुणाबाई बाहेर भेटल्या. "मना मिलला गो! तुना?"

"कळवणार आहेत," म्हटलं. इथेही खोटंच.

१२ नोव्हेंबर

प्रतीक्षाचा फोन. "काकू, तुम्ही घरी कुठे काही लिहून ठेवलंय का? तारखेनिशी, त्या त्या दिवशी लिहिलेलं?"

वहीचं सांगितलं. पोरगी फोनवरच ओरडली. "मग द्या ना! डॉक्टर म्हणतायत, पाठवून बघू. मानतील की नाही, गॅरंटी नाही."

अटी आहेत. वर्षाची सगळी पानं, मधलं एकही गाळायचं नाही, नाहीतर म्हणतील मागाहून लिहिलं. प्रत्येक पानाच्या झेरॉक्सवर घरातल्या माणसाची सही, की हे मी वाचलं आणि हे खरं आहे. लोकांची नावं नंतर ऑफिसात काळी करतात.

"नंतर?"

"हो. सही आधी."

घरातलं माणूस एकच आहे.

१४ नोव्हेंबर

वही घेऊन ठाण्याला गेले, एकटी. अदितीला म्हटलं, रक्त द्यायचंय. प्रतीक्षा पानं चाळत होती, मी तिच्या बोटाकडे बघत होते. सुदैवाने सुरुवातीचं, अक्षरांचे अर्थ लिहिलेलं पान चिकटलं होतं, ते तिने ओलांडलं.

"पां. म्हणजे पांढरी, कळलं. उ. म्हणजे काय, काकू?"

"उचकी," म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे.

तिने पेन उचललं. "रोज तीन-चार उचक्या? वर्षभर? काकू, हे आधी नाही का सांगायचं! हा औषधाचा त्रास असू शकतो, वेगळा फॉर्म भरावा लागेल. थांबा, डॉक्टरांना बोलावते."

तिचा हात धरला मी. "नको. उचकी नाही ती."

"मग?"

"घरचं आहे."

मग तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "माझी आईपण असलं कायतरी लिहीत असेल," एवढंच म्हणाली. मग, "अठराला दुपारपर्यंत द्या, काकू. त्यानंतर फाइल बंद होते."

१६ नोव्हेंबर

पां. ४. शेवटचं सलाईन होऊन महिना उलटला. आज बरणीला कापड लावावं लागलं.

दुपारी वही पहिल्या पानापासून वाचली. एका बैठकीत. वाटलं होतं माझं दुखणं वाचायला मिळेल. मिळाले ते अदितीचे उसासे, रोजचे, रांगेने, नेमाने. मलाच घुसमटायला झालं.

१५ जानेवारीच्या पानाशी थांबले. ओल्या अंगाने ती तासभर जमिनीवर बसली होती, आणि मी वरून मोजत होते. दोन. पातेल्यासाठी मी अक्षर ठेवलंच नव्हतं. बूच सैल करून ठेवायची, त्यालाही नाही. तिच्या बुडलेल्या मीटिंगांना नाही. फ्रिजवर खोटं लिहिलं ते तिला वाईट वाटू नये म्हणून, असं वर्षभर स्वतःला सांगत आले. मग हे काय आहे?

आणि तरी. श्वास सोडायची ती. मी काही बनवून लिहिलेलं नाही.

ह्यांच्यासमोर वाचायची लाज वाटली असती मला ही वही. तिच्या सहीसाठी पुढे करायची आहे.

आज उ. लिहीत नाही. मोजले मात्र.

१७ नोव्हेंबर

हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. वही अदितीकडे आहे.

ती साडेसहाला आली. चहा दिला. प्रतीक्षाने सांगितलेलं सगळं सांगितलं, न सजवता. पहिल्या दिवसापासूनचं, फॉर्मचं, कार्डाचं. ती म्हणाली, "आई, तुम्ही कार्डावर खोटं लिहीत होता? माझ्यासमोर? मी रोज ते वाचून ऑफिसला जायचे. वाटायचं, आज दोनदाच झालं, बरं आहे."

मी वही टेबलावर ठेवली, शेजारी पेन.

"सांगा, सह्या कुठे करायच्यात ते."

"नुसत्या नाही. आधी वाच."

"कशाला? तुमचं प्रायव्हेट आहे ना ते."

"वाचलं असं लिहून द्यायचंय तुला. खोट्यावर सही नको आता." चिकटलेलं पान मी वाफेवर सोडवून ठेवलं होतं. तेच उघडून दिलं. तेरा नोव्हेंबर.

तिने उभ्या उभ्या चार ओळी वाचल्या. माझ्याकडे पाहिलं. मग वही घेऊन खोलीत गेली. दार लावलं नाही, उघडंही ठेवलं नाही.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. गॅस मी बंद केला. बटण फिरवताना दोन बोटं पांढरी.

पाऊण तास झाला. आतून मघाशी एकदा श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं. पान उलटल्याचाही असेल आवाज.

सह्यांसाठी म्हणून टेबलावर तिच्यापुढे पेन ठेवलं होतं. ते तिने नेलं नाही. त्याच पेनाने हे लिहिते आहे.