केलीच्या आजी जपानीत काय म्हणाल्या

७ नोव्हें., शुक्र.

वरच्या मजल्यावरची केली दुपारी पेन ड्राइव्ह घेऊन दारात. अमेरिकन, इथल्या एका कॉलेजात फिल्म शिकवते. आई अर्धी जपानी, पण हिला जपानीचं एक अक्षर येत नाही. मला येतं हे हिला कोणी सांगितलं? सईने. लिफ्टमध्ये. माझ्या पोरीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

तर केलीने स्वतःच्या आजीवर फिल्म केलीय. स्वतःच्या खर्चाने, दर सुट्टीत आयोवाला जाऊन. आजी जपानच्या. युद्धानंतर एका अमेरिकन सोल्जरशी लग्न करून तिकडे गेल्या, त्या कायमच्या. डिसेंबरात कॉलेजात तीन छोट्या फिल्म्स दाखवणार आहेत, तिन्ही अशाच जपानी-अमेरिकन घरांच्या. पुढे एका फेस्टिव्हलला पाठवायची. तिथे सबटायटल्सशिवाय घेत नाहीत, ते मी लिहून द्यायचे.

हो म्हणून बसले. चहाचंसुद्धा विचारलं नाही तिला, इतक्या घाईने हो म्हटलं.

९ नोव्हें., रवि.

शिरीष प्लांटवर, सई शाळेत; इथे रविवारीही शाळा. कपाटावरची डिक्शनरी काढली. पुण्याच्या कंपनीत दुभाषी होते तेव्हाची. बरोबर एक झुरळही निघालं. बिन महमूदच्या जुन्या वस्तीत राहायचं तर झुरळं आलीच.

दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो इथे, आखातात. सई बालवाडीत होती. आता अकरावीत.

आजी कुमामोतोकडच्या, खेड्यातल्या. माझं जपानी पुस्तकी, त्यातून गंजलेलं. धुळ्याच्या आत्याची अहिराणी सदाशिव पेठेने ऐकावी तशी गत. एकेक वाक्य मागे नेऊन ऐकते. पण मजा येतेय. खोटं कशाला बोलू, फार मजा येतेय. भाजी करपली.

आजी नव्वदीच्या पुढच्या. लहानशा, ताठ. जेवणाआधी हात जोडतात आणि मग भातावर केचप घेतात. चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड नेतात, तिकडच्या बायकांपेक्षा चांगलं. के. कॅमेऱ्यामागून इंग्रजीत काही विचारते. आजींचं उत्तर ठरलेलं, "इट्स ओके, हनी." दुखतंय का? ओके हनी. आजोबांची आठवण येते का? ओके हनी. जपानीत मात्र घडाघडा बोलतात.

१२ नोव्हें., बुध.

आज शेवटचा सीन. के.ने आधीच सांगून ठेवलंय, हाच तिच्या फिल्मचा प्राण. आजी खिडकीशी बसून पर्सिमॉन सोलतायत, ऊन आहे, हसतायत. शूट करताना ही म्हणाली होती, आजी, काहीही बोल, जपानीत बोल, मला फक्त तुझा आवाज हवाय. फळांबद्दल बोलत असतील असं हिला वाटतं. खाली संगीत घालायचं ठरलंय.

फळांबद्दल नाही बोलत. आजी म्हणतात:

"तुला कळत नाही म्हणून बोलते. मला ही जागा आवडली नाही. एक दिवस नाही. घर मोठं मिळालं, नवरा भला होता, शेजारी भले. आवडलं मात्र नाही. तुझ्या आईची शाळा होती म्हणून राहिले, मग सवय झाली. तिला सांगू नकोस हं. तिला वाटतं मी सुखात राहिले."

आणि मग हसून फोड पुढे करतात. के.चा हात फ्रेममध्ये येतो, फोड घेतो.

चारदा ऐकलं. काही चुकतंय का बघितलं. नाही चुकत.

जेवले नाही दुपारी.

१४ नोव्हें., शुक्र.

शि.ला सांगितलं. तो नुकताच ड्यूटीवरून आलेला, बूटही काढायचे होते. म्हणाला, तुला काय करायचंय? जे आहे ते टाइप कर, पाठव, खलास. मी म्हटलं, अरे, त्या बाईने सांगू नको म्हटलंय. तर म्हणे, मग नको टाइप करू. नवऱ्याला विचारावं आणि मग स्वतःच ठरवावं, हीच रीत आहे आमच्या घरात.

सईचा सल्ला: "Just write something about the fruit. Who's going to know?"

चिडले. म्हटलं, मला कळेल ना. कंपनीत एकदा जपानी साहेबाने आमच्या मॅनेजरला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं होतं, तेही मी जसंच्या तसं सांगितलं होतं. गाळलं नव्हतं, घातलं नव्हतं. सई म्हणाली, ओके, चिल. मराठी सगळं कळतं हिला, बोलायचं मात्र इंग्रजीत.

खरं सांगायचं तर फळांचं एक वाक्य लिहूनही पाहिलं मी. 'यंदा पर्सिमॉन गोड आहेत.' चांगलं दिसत होतं त्या चित्राखाली. खोडलं.

१५ नोव्हें., शनि.

वर गेले. फाइल नेली नाही, कागदही नाही. के.ला समोर बसवून तोंडीच सांगितलं, सगळं.

तिने लॅपटॉप ओढला. मग तो सीन लावला. मी सांगितलेलं मनात धरून पुन्हा बघितला. रडली. मला वाटलं, झालं, आता काढून टाकेल बिचारी. तर डोळे पुसून म्हणते, मंजू, हीच तर फिल्म आहे. आता कळलं मला मी काय बनवत होते ते.

मी म्हटलं, आजींनी नको म्हटलंय.

म्हणे, आईला सांगू नको म्हटलंय. दाखवू नको म्हटलेलं नाही.

असला वकिली कावा मला खपत नाही. म्हटलं, फिल्म जगभर फिरणार आणि तुझ्या आईला तेवढी दिसणार नाही होय? ती म्हणाली, तुला नाही कळायचं, आमच्या घरात कोणी कधी काही बोललंच नाही, माझी आई आयुष्यभर समजून चाललीय की सगळं छान होतं. मला नाही कळायचं! उठले. म्हटलं, आजींना विचार. त्या हो म्हणेपर्यंत फाइल मिळणार नाही.

 कोणाशी भांडायची सवयच गेलीय.

१८ नोव्हें., मंगळ.

के.चा फोन नाही. मीही केला नाही. पापलेट महाग, सुरमई आणली. शि. म्हणतो गप्प गप्प का. काही नाही म्हटलं.

आजींचं ते 'मग सवय झाली' डोक्यातून जात नाही. कोणी विचारलं तर आपणही काय सांगतो? छान आहे हो, स्वच्छ आहे, सेफ आहे, एसी आहे, सुट्टीत पुण्याला जातोच की. सगळं खरं आहे. महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलेल्या दहा बायकांनी हेच सांगितलं, मीही त्यांना हेच सांगितलं.

१९ नोव्हें., बुध.

के. आली. सॉरी म्हणाली. मीही म्हटलं. या वेळी चहा दिला, आलं घालून. तिचं म्हणणं, आजीला विचारायचं कसं? मी इंग्रजीत विचारलं तर ती ओके हनी म्हणणार, आणि त्या ओकेला काही अर्थ नाही हे आता मलाही कळलंय. तू विचार, जपानीत.

म्हणजे कित्येक वर्षांनी पुन्हा दुभाषी.  आत कुठेतरी आनंद झाला, लाज वाटावी इतका.

शनिवारी इथले पाच ठरले. तिकडे सकाळ. के.ची आई दुपारी येते आजींकडे, त्याच्या आत उरकायचं. शेजारीण टॅब लावून देणार आहे.

२२ नोव्हें., शनि.

के.कडे झुरळांचं औषध मारलेलं, म्हणून आमच्याच डायनिंग टेबलवर लॅपटॉप. शि. ड्यूटीवर. सई सोफ्यावर केमिस्ट्री घेऊन, कानात इयरफोन.

आजी स्क्रीनवर आल्या. केस विंचरून, गळ्यात मोती. मी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. माझं जपानी ऐकून म्हणाल्या, पुस्तकासारखं बोलता तुम्ही. के. इंग्रजीत सांगत गेली, मी जपानीत. फिल्म आहे, त्यात ते बोलणं आहे, ते ठेवू का, आई बघेल.

आजी आधी रागावल्या. त्यांना वाटलं होतं नातीला नुसता आवाज हवाय, अर्थ कोणी काढणार नाही.   मग के.कडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हाला मूल आहे? म्हटलं, मुलगी आहे. तुम्हीही आपला देश सोडून आलात ना? हो म्हटलं.

"तुम्हाला आवडतं तिथे? नसेल आवडत, तर मुलीला कळलेलं चालेल तुम्हाला?"

काय झालं मला कोण जाणे. तोंडातून निघूनच गेलं. मराठीत कधी म्हटलं नाही, शि.ला नाही, आईला फोनवर नाही, आणि परक्या भाषेत असं सुटलं की मलाच कळलं नाही. आजींनी मान डोलावली. म्हणाल्या, विचार करते, उद्या सांगते.

के. बाही ओढायला लागली. काय विचारलं तिने? तू काय म्हणालीस?

आजींचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. माझं उत्तर सांगायचं राहिलं. काहीही सांगता आलं असतं, के.ला काय कळणार होतं? पण आजी टॅबमधून बघत होत्या. सत्तर वर्षं आयोवात काढलेली बाई, इंग्रजी 'ओके हनी'पलीकडे बोलत नसली तरी सगळं कळतं तिला. आणि तिच्यासमोर तिच्याच नातीला मी खोटं सांगणार?

सांगितलं. "I said no. I have never liked it here. And I said I wouldn't want my daughter to know."

सईने इयरफोन काढला. त्यात काही वाजत होतं की नाही देव जाणे.

"Never?"

 आजींचा निरोप घेतला, के. लॅपटॉप घेऊन वर गेली, दारात माझा हात दाबून. सई अजून सोफ्यावरच आहे. पुस्तक उघडं आहे, पान उलटलेलं नाही. मी आत येऊन हे लिहीत बसलेय.

आजी उद्या सांगतील. शि. आठला येतो. त्याला सईकडून कळायच्या आत मी सांगायला हवं.