मामाचं रक्त

३ फेब्रु., मंगळ.
मोलगीत सिकलसेलच्या रक्ततपासणीचा कॅम्प. दुपारपर्यंत लोकांची बोटं टोचून माझीच आखडली. डोंगरातून उतरलेला एक पावरा आदिवासी म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कार्डं काढून उभा राहिला. नातीचं पिवळं, म्हणजे ती वाहक. मुलाचं पांढरं, म्हणजे काही नाही. लग्न ठरवू का, एवढंच विचारत होता. ठरवा म्हटलं. दोन्ही पिवळी असती तर पुढच्या पोरांना आजाराची भीती, हे चार वर्षं घसा फोडून सांगतोय. आता लोक स्वतःहून कार्डं घेऊन येतात. बरं वाटलं.
परतताना जीपमध्ये ताईचा फोन. भाचीच्या, हर्षूच्या, होणाऱ्या सासरचे काहीतरी नवीन काढून बसलेत. रविवारी ये म्हणाली. काय ते फोनवर सांगेना.

८ फेब्रु., रवि.
लिहायलाही किळस येते. लिहितो.
मुलाचे वडील आले होते, निवृत्त मास्तर. ताईने भरीत-पुऱ्या केलेल्या. त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, बोटं चोखली, आणि मग विचारलं, मुलीच्या मामाचं लग्न का झालं नाही. मी समोर बसलेलो. विचारलं दाजींना. दाजी मोबाइलमध्ये घुसले.
मास्तरांनी कुठेतरी वाचलंय की 'तसं' असणं जन्मजात असतं आणि आईकडच्या बाजूने येतं. माझ्याबद्दलची गावातली कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचलेलीच आहे. म्हणाले, "मन्हं काही म्हननं नही. पन रक्तमाज ऱ्हास म्हनतस. मामाकडथीन भाचीमा, भाचीकडथीन तिन्हा पोऱ्यासमा. तुम्ही त्या पावरासले कार्ड देतस ना? तसंज एक आमले द्या."
माझेच शब्द. वाहक, पुढची पिढी, लग्नाआधी तपासा. दिवाळीनंतर त्यांच्याच गावच्या शाळेत तक्ता लावून शिकवलं होतं मी. पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.
ताईने खरं-खोटं विचारलंच नाही. मोरीत भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून, "करी दे ना भाऊ. तुन्हीज लॅब शे."
लॅब माझी नाही. मी तिथे नोकर आहे.

१० फेब्रु., मंगळ.
तळोदा. लॅबच्या साहेबांना सांगितलं. वाटलं, चिडतील, निदान हसतील. म्हणाले, करू की. म्हटलं, अशी तपासणीच नाही जगात. म्हणाले, लोकांना तपासणी कुठे हवी असते, कागद हवा असतो. 'वाहक नाही' लिहून देऊ, मुलगी सुखात नांदेल. बोलताना दात कोरत होते. मध्येच काडीचं टोक उजेडात धरून न्याहाळलं.
डबा तसाच परत आणला.

११ फेब्रु., बुध.
कपाटातली जुनी फाइल काढली. पुरुषाला पुरुषच का आवडतो, यावरचं त्या काळी मिळेल ते संशोधन. जुळ्या भावांचं, सख्ख्या भावांचं, आईकडच्या मामांचं. शब्दकोश घेऊन वाचलेलं, समासात पेन्सिलच्या खुणा. आईला दाखवणार होतो. बघ आई, माझा दोष नाही, रक्तातच आहे. आई गेली, फाइल राहिली.
नंतरचंही वाचलंय. ढीगभर लोकांचे नमुने तपासले आणि निघालं काय, तर असं एकच जनुक नाही. थोडाथोडा वाटा असलेली पुष्कळ, शिवाय जनुकांबाहेरच्या कितीतरी गोष्टी. एखाद्याचं रक्त बघून तो कसा आहे हे सांगता येत नाही. इतकं सरळ आहे.
पण मला तेव्हा ते एकच जनुक हवं होतं. भीक मागितल्यासारखं हवं होतं. आज मास्तरांनाही तेच हवंय. मी आणि तो बोटं चोखणारा माणूस एकाच गोष्टीच्या मागे. शी.

१३ फेब्रु., शुक्र.
रा. (पूर्ण नाव या वहीतही नको) आश्रमशाळा सुटल्यावर परस्पर माझ्या खोलीवर आला. नऊ वर्षं झाली आम्हाला, अजून येताना हातात पेपरांचा गठ्ठा ठेवतो, कुणी विचारलं तर तपासायला आलो म्हणायला.
सगळं ऐकून पोट धरून हसला. तो स्वतः पावरा, स्वतः पिवळ्या कार्डाचा. घरचे स्थळ घेऊन आले की हा आधी कार्ड पुढे ठेवतो. मुलीचं पिवळं निघालं तर सुटलाच. पांढरं निघालं तर, कशाला त्या बिचारीला माझ्या घोळात घ्यायचं, म्हणतो. सगळी लग्नं अशीच टाळली. मला म्हणाला, तुला काही आजारच नाही, हीच तुझी अडचण.
तेव्हा हसलो नाही. तो गेल्यावर हसलो.

१४ फेब्रु., शनि.
हर्षू लॅबवर आली, एकटी. असं काही तपासता येतं का विचारलं. नाही म्हटलं. मग रक्त कशाला काढायचं? मी रजिस्टर उघडलं.
"मामा, तू तसा शेस का?"
चाळिशीला आलो, घरातल्या कुणी हे तोंडावर विचारलं नव्हतं. हो म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.
"आजीले माहीत व्हतं?"
नव्हतं. कदाचित असेल. नव्हतं म्हटलं.
ती थोडा वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग बाही वर केली. "काढ. माले तो पोऱ्या आवडस."
नस पहिल्याच टोचणीत सापडली. ट्यूबवर तिचं नाव लिहिलं. तपासणीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, कोरा ठेवला. हात दोनदा धुतले.

१७ फेब्रु., मंगळ.
रिपोर्ट तयार. ट्यूब अजून फ्रिजमध्ये, कुणी उघडलीही नाही. मोठ्या अक्षरात 'वाहक नाही'. खाली टेक्निशियनची सही, म्हणजे माझी. साहेब स्वतः सही करत नाहीत, तेवढे हुशार आहेत.
सही केली तर हर्षूचं लग्न होईल. आणि त्यासोबत मी लिहून दिलं असं होईल की मी रोगी, भाची थोडक्यात वाचली. शिवाय दोन बापांचे फोन येऊन गेलेत, आमच्याही होणाऱ्या सुनांचं बघा म्हणून. सगळ्यांना 'नाही' लिहून धंदा किती दिवस चालेल? कधीतरी कुणा पोरीच्या कागदावर 'आहे' लिहावं लागेल, नुसतं बाकीचे कागद खरे वाटावेत म्हणून.
सही नाही केली तर लग्न मोडेल, माझ्या नावाने. ताईचं दार मला बंद.
साहेबांच्या टेबलावर काड्यांची डबी. उचलून खणात टाकली.

१९ फेब्रु., गुरु.
हर्षूला फोनवर सगळं सांगितलं. कागद खोटा आहे, तू म्हणशील तर सही करतो. ठेवते म्हणाली.
संध्याकाळी ताईचा फोन, रडत. हर्षूने थेट मास्तरांना फोन लावला! म्हणाली, एकट्या मुलीच्या कार्डावर लग्न ठरत नसतं, मामा शिकवतो, दोन्ही बाजूंची लागतात. तुमच्या मुलाचं रक्त पाठवा. त्याच्या मामाचंही पाठवा.
मास्तरांनी फोन कापला. अर्ध्या तासाने त्यांचाच आला. मुलाला सोमवारी पाठवतो, मामाचं नंतर बघू. तक्ता पाठ केलेला माणूस, नाही कसं म्हणणार.
पोरगी आईवर गेलीय. माझ्या आईवर.

२३ फेब्रु., सोम.
मुलगा आला. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू, वाकून नमस्कार केला. चांगला आहे. यात काय काय दिसतं, असं विचारलं. काहीच दिसत नाही, हे सांगणारच होतो, तेवढ्यात त्याने हात पुढे केला. तळवा घामाने ओला.
सुईला घाबरणारे हजारो पाहिलेत. ते सुईकडे बघतात नाहीतर भिंतीकडे. हा माझ्या तोंडाकडे बघत होता.
"मामा, कागद पहिले कोनले दखाडतस?"
तुलाच, म्हटलं. रक्त काढलं. कापूस दाबून तो बसूनच राहिला. काही बोलायचंय का विचारलं. काही नाही म्हणाला. दारातून एकदा वळून बघितलं आणि गेला.

अकरा तारखेला याच वहीत लिहिलंय, सांगता येत नाही. आणि आज मी एका ओल्या तळव्यावरून मनात रिपोर्ट देऊन मोकळा झालो, हाही माझ्यासारखाच. मास्तर बरे, ते निदान कागद मागत होते. स्वतःचीच किळस येते.
सुईला घाबरला असेल. बापाला घाबरला असेल. आणि तसं असेल तर? हर्षूला कळायला हवं. पण मी कशाच्या आधारावर सांगू? आणि त्याच्या पोटातली गोष्ट सांगणारा मी कोण?
साहेबांनी त्याचाही कागद छापलाय. दोन्ही माझ्यासमोर आहेत, सहीची जागा कोरी.

हर्षूचा मेसेज आलाय. "मामा, तो ई गया का? कसा वाटना तुले?"
तासभर झाला. अजून काही लिहिलेलं नाही.