गाठी मारलेल्या बाटल्या

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरांना गुडघा दाखवून घरी आले, तर ओट्यावर माझ्या नऊ बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या! सरबत सगळं मोरीत. चोर काही भांडी घासून जात नाही आणि घराची दुसरी किल्ली तुझ्याकडेच असते, म्हणजे तूच. परसातली गुलाबाची आणि जास्वंदीची फुलं मी ऊन चढायच्या आत खुडली होती. गुलाबाच्या पाकळीचं बुडाचं पांढरं टोक कडू लागतं, म्हणून एकेक पाकळी कात्रीने कापत बसले होते. फार राग आलाय. कारण कळव.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओतलं मीच. एकाही बाटलीवर लेबल नाही, तारीख नाही, आणि चार बाटल्यांत चक्क फेस! चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. बिनलेबलाची बाटली मला सख्ख्या बहिणीच्या घरीही बघवत नाही. खरं सांगू? तुझ्या हल्ली लक्षात राहत नाही. मागच्या महिन्यात गॅसही चालूच राहिला होता. हिने आमची मागची खोली तुझ्यासाठी आवरून ठेवली आहे. तुझ्या घराला गिऱ्हाईकही बघितलंय, रविवारी घेऊन येतो. आता हट्ट करू नकोस. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी फेसाचं. पाकळ्या, साखर, लिंबू आणि पाणी फडक्याने झाकून दोन दिवस ठेवलं की फेस येतो. तो यावा म्हणूनच ठेवलं होतं. गार करून प्यायलं की नाकात गुदगुल्या होतात.

आता लेबलाचं. बाटल्यांच्या गळ्याला दोरे होते, ते तू धुताना काढून टाकलेस. लाल दोरा गुलाबाचा, पिवळा जास्वंदीचा. एक गाठ म्हणजे सोमवारी भरलेली, दोन म्हणजे मंगळवारी. तीस वर्षं प्रयोगशाळेत ओल्या हातांनी बाटल्या हाताळल्या मी. कागद गळून पडतो, गाठ राहते.

गॅस राहिला होता, कबूल. तू दुकानाचं शटर दोनदा उघडं टाकून घरी गेलास, तेव्हा मी नाही तुझ्या दुकानाला गिऱ्हाईक शोधलं!

मला घर विकायचं नाही. भीती मलाही वाटते, पण विसरण्याची नाही. तुमच्या मागच्या खोलीत बसून कुणी चहा आणून देतंय का, याची वाट बघत राहण्याची वाटते. गिऱ्हाईक आणलंस तर त्याला गार सरबत पाजीन आणि दारातूनच वाटेला लावीन. आज पुन्हा फुलं खुडली आहेत.

आणि माझ्या घराची किल्ली परत पाठव. यायचं तर बेल वाजवून ये. गुडघ्यामुळे वेळ लागेल, पण दार मीच उघडीन.

राग ओसरला की माया आहेच.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. ही दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. बाटल्या ओतल्याचं तिला मुळीच पटलेलं नाही. किल्ली सोबत आहे. मागच्या वर्षी तुला न विचारता आणखी एक करून घेतली होती, तीही पाठवतो.

रविवारी येतो. बेल वाजवीन आणि थांबेन. मात्र आत तुझी पावलं ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसेल, तेवढं समजून घे.

लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा