चौथी जागा

आई,

कोरमंगलातला हा माझा तिसरा पीजी. सांबार इथेही गोडच असतं, पण ते राहू दे.

गेममध्ये मी प्रणीत नावाने खेळते, हे तुला माहीत होतंच. मुलगी म्हटलं की पोरं आधी हसतात, मग नंबर मागतात. म्हणून आता आवाज बदलणारं अ‍ॅपही लावते. गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये चौथा खेळाडू नवीन आला. बोलायचा नाही, बंदूक चालवायचा नाही, नुसता माझ्या मागे मागे फिरायचा. आमच्यातला कार्तिक म्हणाला, "पक्की पोरगी आहे रे, मगा!" सगळे हसले. मीही हसले. हरल्यावर तर मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "बाई आहेस ना? जा, भांडी घास!"

थोड्या वेळाने स्क्रीनवर अक्षरं उमटली: "सरी संहिता. जेवून घे." "बरं"ला "सरी" तूच म्हणतेस.

माझं खरं नाव तिथे कुणालाच माहीत नाही. ज्या खेळावरून भांडून मी घर सोडलं, तो तू कुणाकडून गं शिकलीस?

तू पुन्हा आली नाहीस. घरी यायला जे. पी. नगरच्या बसमध्ये दोनदा चढले, दोनदा मधेच उतरले. खेळताना मागे पावलं वाजल्यासारखी वाटतात. मी वळून बघते आणि मला गोळी लागते.

काल पोरं चिडली, "ही चौथी जागा रिकामी कुणासाठी अडवलीस?"

मी अ‍ॅप बंद केलं आणि माझ्या आवाजात सांगितलं, "आईसाठी."

कार्तिक बराच वेळ हसत होता. मी खेळ सुरू केला नाही.

तुझीच,
संहिता