दलदलीतले सात चर बुजवण्याबाबत

मी, टाउनो केत्तुनेन, वय एक्याऐंशी, फिनलंडमधल्या कुह्मोजवळच्या वस्तीत राहणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलांना तो लागेल.

१. घर, सॉना आणि होडी मुलगी मारित हिला. सॉनाची चूल धूर मारते, ती मी दुरुस्त करणार नाही.

२. करवती व कुऱ्हाडी मुलगा इल्का याला. शेजारच्या रेइनोने १९८८ साली नेलेला घण इल्काला परत करावा. मी विसरलेलो नाही.

३. चढावरचं चाळीस हेक्टर जंगल इल्काला. त्याने सरसकट तोड करू नये. जाड झाडं निवडून काढावीत, मधली वाढू द्यावीत. लाकूड घरांच्या तुळयांसाठी द्यावं, कागदाच्या लगद्यासाठी नव्हे. झाडाने हवेतून ओढलेला कार्बन तुळईत शंभर वर्षं टिकतो. मारित म्हणते, जंगलाला हातच लावू नका. पोरी, तीन पिढ्यांनी हात लावला म्हणून ते उभं आहे.

४. खालची अकरा हेक्टर दलदल मारितला. इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९७१ साली सगळी वस्ती दलदली कोरड्या करत सुटली होती. माझी बायको आइली तिथे पिवळी फळं वेचायची. ती म्हणाली, "पाणी आहे तिथे राहू दे की. जमीन कमी पडतेय का तुला?" मी म्हणालो, "तू तुझी टोपली सांभाळ." आणि सात चर खणले. पाइन जोमाने वाढले, मी मिरवलो. आता कळतं की पाणी उतरल्यावर खालचा हजारो वर्षं साचलेल्या शेवाळाचा काळा थर हवा लागून कुजतो आहे, आणि झाडं घेतात त्याहून जास्त कार्बन सोडतो आहे. फळं तर लगेचच गेली. आइलीने पुन्हा विषय काढला नाही, आणि ती जाईपर्यंत मी तिची माफी मागितली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

५. म्हणून सातही चर बुजवावेत. मात्र पाणी चढलं की इल्काच्या हद्दीतले, उताराच्या पायथ्याचे दोन हेक्टर स्प्रूस हातचे जातील. ते अजून तीस वर्षं वाढायचे आहेत. म्हणून त्याची संमती हवी. ईस्टरच्या जेवणावर मी त्याला विचारलं.

"बाबा, ते स्प्रूस तुम्हीच माझ्याकडून लावून घेतलेत. आता म्हणता बुडव?"

"हो."

"मारितने कान भरले ना तुमचे?"

"माझं नाव कशाला घेतोस?" मारित ताडकन उठली. "झाड दिसलं की तुझेच हात शिवशिवतात!"

ताटं तशीच राहिली.

इल्का, तुझा राग रास्त आहे. चूक माझी आणि नुकसान तुझं. तू नाही म्हणालास तर चर राहतील, आणि जंगल तरीही तुझंच असेल.

ठिकाण : कुह्मो
दिनांक : १४ मे २०२४
सही : टाउनो केत्तुनेन
साक्षीदार (नात्यातले नव्हेत) : केर्त्तु मोइलानेन, ग्रंथपाल; वाइनो हेइक्किनेन, निवृत्त पोस्टमन

जोडपत्र, २ जून २०२४

कलम ५ ला माझी संमती आहे, पण बाबांच्या मरणाची वाट बघायला मी तयार नाही. येत्या हिवाळ्यात जमीन गोठली की स्प्रूस काढून घेतो, आणि लगेच चर बुजवायला लागतो. यंत्र मी चालवीन, कुठे थांबायचं ते मारित सांगेल. चर बाबांनी खणले आहेत. बुजवताना ते समोर हवेत.

सही : इल्का केत्तुनेन