उलट्या जात्याचं पीठ

बडनेरा, १२ जानेवारी १९५९

खुशालराव साडूभाऊ, जानरावचा रामराम घ्यावा. तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळवावी. इकडे मी आजवर स्वतःच्या हातांनी (गुरू कोणी नाही) एक बंडीचं चाक, दोन तिफणी, एक कोंबड्यांचं खुराडं आणि या दिवाळीत एक दगडी जातं केलं. त्या जात्याचीच ही हकीगत.

अमरावतीच्या डॉक्टरांनी माझ्या लघवीत साखर काढली. वय एक्कावन्न. मी विचार केला, पणजोबांच्या काळी डालडा नव्हता, बिस्कीट नव्हतं, चहा नव्हता. म्हणून ही साखरही नव्हती. तेव्हा ठरवलं: अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि जात्यावरच्या ज्वारीची भाकर. (गिरणीत पीठ भाजतं. हात घालून पाहा.) जात्याला टाके (छिन्नीच्या खाचा) मीच घातले, पाव-पाव इंचावर, फूटपट्टी लावून. फक्त दिशा चुकली. नेहमीसारखं फिरवलं तर ज्वारी अख्खी बाहेर येते, उलटं फिरवलं तर पीठ मैद्यासारखं. मनकर्णा (तुमची मेहुणी) म्हणाली, "उलटं जातं मी नाई फिरवत. पणजोबा तुमचे, तं पीठही तुमीच दया."

तेव्हापासून रोज सकाळी दीड शेर मीच दळतो. (ओव्या येत नाहीत म्हणून पाढे म्हणतो. एकोणतीसला अडखळलो की पीठ जाड पडतं.) दोन महिन्यांत कंबर साडेतीन इंच उतरली आणि साखर गेली. आनंदाने धामणगावला पार्वताआत्याला सांगायला गेलो, की पणजोबांच्या अन्नानं मला वाचवलं. आत्या पंच्याऐंशीची. म्हणाली, "तुया पणजोबा म्हंजे माया आजा. बावन्नाव्या वर्सी गेला रे बापा, हेच खाऊन. आजी नव्वद जगली. जात्यावर दयत कोन होतं?"

घरी येऊन मी अर्धा शेर ज्वारी जास्त दळली.

आता गल्लीतल्या चार बायांनी आपापले नवरे दळण घेऊन माझ्या अंगणात पाठवले आहेत. (उलटं जातं बायांनी फिरवायचं नसतं, हे मनकर्णेनं सगळ्यांना समजावून सांगितलं.)

आपला,
जानराव

ता. क. अकोल्याच्या पाथरवटाकडून एक सुलट जातं घेऊन या. इथल्याकडून नको, तो माझं पाहायला मागेल. मनकर्णा परवा विहिरीवरून येताना दोनदा थांबली. तिलाही नव्वद व्हायला पाहिजेत.

ता. क. दुसरा. गिरणीवाला ओमप्रकाश माझं जातं विकत मागून गेला. नाही म्हणालो. एक्कावन्न रुपये देत होता.